तिसऱ्या रांगेतल्या बाई

सांगलीत आमच्या फिल्म सोसायटीचे परदेशी सिनेमे कलाकेंद्राच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी लागायचे. तासगावहून एस.टी.नं येऊन तिसऱ्या रांगेत बसणाऱ्या त्या द्राक्षबागवाल्या बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. पडद्याखालची इंग्रजी अक्षरं त्यांना वाचता येत नसत, पण त्यांचं काही अडायचं नाही. सिनेमातला पाहुणा दारात ताटकळला की त्या पुटपुटायच्या, "आवं, त्याला बसा तरी म्हणा!"

एकदा पुण्याहून रिळं घेऊन आलेले गृहस्थ सगळ्यांसमोर म्हणाले, "हा सिनेमा फार संथ आहे. इथल्या लोकांना झेपणार नाही. अर्धाच दाखवू."

मी काही बोलायच्या आत बाई उठल्या. "आमी बेदाणा कवा अर्धा वला उचलत न्हाई, पुरा वाळू देतो. पिक्चर बी पुरा लावा."

पुरा लागला. कुणीही उठलं नाही. आमचा तो पत्र्याचा हॉल मला त्या दुपारी पुण्यामुंबईच्या कुठल्याही थेटरापेक्षा मोठा वाटला. गृहस्थ मात्र लोक कधी उठतात ते बघत दाराशीच उभे होते. शेवटी बाईंनी पडद्यावरची नजर न हलवता शेजारची खुर्ची थोपटली.

"आवं पाव्हणं, बसा की."