सर्दीचं कारण

तारकर्लीला होडीच्या काठावर बसून सुधीर माझ्या बायकोला समजावत होता, "वहिनी, खाली श्वास रोखायचा नाही."

एकेकाळी हा बँकेत माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. तरंगायला त्याला मीच शिकवलं. पुढे नोकरी सोडून तो स्कूबा शिकला, आता शिकवतो. ज्याची पाण्याची भीती आपण घालवली, तो आपल्यापेक्षा खोल गेला की पोटात दुखतंच.

सर्दीचं कारण सांगून मी होडीतच थांबलो. दोघांचे बुडबुडे एका लयीत वर येत होते. बायको वर आली ती इतकी खुललेली, की मी बघतच राहिलो.

"सर्दी बरी झाली की ये रे," सुधीर हसून म्हणाला.

बँकेत रजेच्या अर्जावर मी कायम हेच कारण लिहायचो, आणि ते अर्ज त्याच्याच टेबलावरून पुढे जायचे.