उशाशी राजा

नेंगाह सुविर्याचे गुडघे जन्मापासून वाकडे नव्हते. अर्धं आयुष्य तो देवळाच्या उत्सवात मुखवटा घालून तोतऱ्या विदूषकाचा नाच करत आला होता, आणि विदूषक वाकल्या गुडघ्यांनीच चालतो. गाव त्याला पाहिलं की हसायचं. कुणाच्या मर्तिकाला गेला तरी लोक तोंडावर हात धरायचे.

राजाचं काम म्हातारे पेकाक लोद्र करायचे. उत्सव चार रात्रींवर आला असताना ते भाताच्या बांधावरून घसरले, गुडघा भोपळ्याएवढा सुजला. त्यांनी राजाचा मुखवटा नेंगाहच्या हाती दिला.

"उशाशी घेऊन झोप," पेकाक म्हणाले. "अंगात मुरला तर राजा. नाही मुरला तर तू आहेसच."

"आणि पुढच्या उत्सवाला?"

"तोवर माझा गुडघा बरा होतो की."

म्हणजे संधी एकच.

नेंगाहनं पिवळ्या कापडात गुंडाळलेला मुखवटा उशाच्या वर, उंच चौरंगावर ठेवला. विदूषकाचा त्याच्या मळक्या कापडासकट कोपऱ्यात गेला. त्याची बायको लुह सांदात भिंतीला चिकटून झोपली.

सकाळी तिनं कॉफी आणली. नेंगाहनं कपाला हात लावला नाही. डोळे अर्धे मिटून मान किंचित कलवली.

"मान अवघडली का, ब्ली?" नवऱ्याला ती ब्लीच म्हणे, थोरल्या भावाला म्हणावं तसं.

राजाच्या मुखवट्याचे ओठ मिटलेले असतात. राजा बोलत नसतो.

"डुकराला खायला कोण घालणार?"

नेंगाहनं दोन बोटं, फार देखणी, तिच्याकडे वळवली.

दुसऱ्या सकाळीही तेच. वरून त्यानं चटईवर बसायला नकार दिला. डुक्कर इतकं किंचाळलं की शेजारचे कोंबडे आरवायचे थांबले.

सांदातनं न्हाऊन केस धुतले, फुलं वाहिली, दोन्ही मुखवट्यांची माफी मागितली आणि कापडं बदलली. पिवळ्यात विदूषक, विदूषकाच्या मळक्या कापडात राजा.

"दोनच रात्री, महाराज," ती पुटपुटली. "उत्सवाच्या सकाळी जागच्या जागी ठेवते. डुक्कर वाळलंय हो."

पुढल्या सकाळी नेंगाह डुकरापाशी उकिडवा बसून त्याच्याशी तो-तो-तोतरं बोलत होता. तिच्या परडीतलं तळलेलं केळं त्याच्या गालात होतं.

"राजा मुरतोय बरं का," तो तिला म्हणाला. "आत कसं हलकं-हलकं वाटतंय."

उत्सवाच्या सकाळी तिनं शब्दाप्रमाणे कापडं पुन्हा बदलली.

मुखवट्याच्या आत अंधार असतो. डोळ्यांच्या जागी दोन चिरा, आणि त्यांतून जग दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं दूर दिसतं. नेंगाह पडद्याबाहेर आला. पांढरा, शांत राजा. मग गुडघे वाकले. मग उजवा हात सावकाश मागे गेला आणि कुल्ला खाजवू लागला.

ढोलकरी नाचणाऱ्याच्या कमरेवर नजर ठेवून वाजवतो. त्यानं कंबर पाहिली आणि नकळत विदूषकाचा ठेका धरला. त्याच्यामागे सगळे वादक गेले. राजा बदकासारखा अंगणभर फिरला. पुजाऱ्याचं तीर्थ स्वतःच्याच मांडीवर सांडलं. पेकाक इतके हसले की सुजलेला पाय स्टुलावरून खाली आला.

पडद्यामागे नेंगाह मुखवटा उराशी धरून बसला होता.

"माझ्यात काही येतच नाही, लुह. तो दगडाच्या उशाशी ठेवला असता तर दगडाचा राजा झाला असता."

सांदातला राहवलं नाही. तिनं सगळं सांगितलं.

नेंगाहनं मुखवटा मांडीवर उतरवला.

"म्हणजे शेवटच्या दोन रात्री उशाशी तोतरा होता?"

"हो."

"आणि मी तोतरा झालो?"

"डुकराला विचारा."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी तुम्ही असले राजे झाला होता की मी माहेरी निघाले होते."

नेंगाहचा चेहरा हळूहळू उजळला. इतकी वर्षं त्याला आतून शंका होती की मुखवटा अंगात वगैरे काही येत नाही, आपले नुसते गुडघे वाकडे आहेत.

तो तसाच धावत पेकाकांकडे गेला. पेकाकांनी ऐकून डोळे पुसले.

"असा मुरतो म्हणतोस? मग पुढचा राजा तूच. बायको हो म्हणाली पाहिजे मात्र."

सांदात मागून आलीच होती. "माझी ना नाही, पेकाक. पण ते चार दिवस आमचं डुक्कर तुमच्या दारी."