‘आहे’ आणि ‘शे’

बाळांनो, रंगमंचावर मी कधी नायिका झाले नाही. आया, मोलकरणी, भांडखोर शेजारणी माझ्या वाट्याला आल्या आणि त्यांनीच मला भरभरून दिलं. सुरुवात मात्र हुकणारच होती.

तेव्हा मी नाशिकच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत असे. पहिल्याच नाटकात मला सटाण्याकडची गरीब आई करायची होती. तालमीत मी म्हटलं, "माझा मुलगा उपाशी आहे."

दिग्दर्शक म्हणाले, "बाई, हा वर्ग नाही. सोमवारपर्यंत जमलं नाही, तर भूमिका दुसरीला देईन."

आमच्या दारावर भाजी आणणाऱ्या मावशी सटाण्याकडच्याच. त्यांना वाक्य म्हणून दाखवलं, तर त्या हसतच सुटल्या. "ताई, तुमचं 'आहे' ऐकून पोरगा आत्ताच जेवून उठला असं वाटतं! म्हणा, मना पोऱ्या उपाशी शे."

दोन दिवस पायरीवर बसून त्यांनी ते माझ्याकडून घोटून घेतलं. सोमवारी तालमीत मी बोलले आणि दिग्दर्शकांनी मान डोलावली.

त्यानंतर कोणतीही भूमिका मिळाली, की मी आधी तसं बोलणारी बाई शोधत असे. एकीनेही कधी नाही म्हटलं नाही.