भिंतीबाहेरच्या तोट्या

बोअरच्या गाडीचा घरघराट सकाळपासून चालू होता आणि मला घरात बसवत नव्हतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी बीडहून गावी आले होते. आमचं गाव तेलगावच्या अलीकडे. गावाच्या कडेला आम्हा ख्रिस्ती लोकांची वस्ती आणि वस्तीत पत्र्याचं छोटं चर्च. त्या वर्षी विहिरी आटल्या होत्या आणि टँकरची वाट बघण्यातच बायकांचा दिवस जायचा. म्हणून मंडळीनं चर्चच्या आवारात बोअर घ्यायचं ठरवलं होतं.

दुपारपर्यंत नुसती पांढरी धूळ उडाली. मग धूळ काळपट झाली, तिचा चिखल झाला, आणि काही कळायच्या आत पाणी उसळून चर्चच्या पत्र्यावर आदळलं. आम्ही सगळे भिजलो. चर्चचे पाळक भिजले, पोरं भिजली. संडेस्कूलमध्ये पोरांना शिकवणारी, साठी ओलांडलेली माझी आई चिखलात उभी राहून हसत होती. ती इतकी हसलेली मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

संध्याकाळी प्रार्थनेनंतर आई उठली. म्हणाली, "तोट्या रस्त्याच्या अंगाला काढू. साऱ्या गावाला पाणी होईल."

माझे काका मंडळीतले वडील, म्हणजे चर्चच्या पंचांपैकी एक. ते म्हणाले, "वहिनी, लई घाई करताय. आपल्यापुरतं राहू द्या. ह्याच गावात माझी माय विहिरीपासून लांब उभी राहायची. वरून कुणी ओतलं तरच पाणी. ते इसरायचं का?"

आजीचं ते उभं राहणं आमच्यातल्या प्रत्येकानं ऐकलेलं होतं.

"इसरू नका, भावजी," आई म्हणाली. "आपल्या दारात कुणाला तसं उभं राहावं लागू नाही, एवढंच माझं म्हणणं हाय. तोटी आत ठेवली, तर माणसाला फाटकाशी थांबून इचारावं लागंल. येशूनं आपल्याला काय दारात थांबवून दिलं का?"

काकांनी आवाराच्या भिंतीकडं बघितलं. मग म्हणाले, "पाईप मीच टाकतो. दुसऱ्यानं टाकला तर गळत राहील."

मोटर बसली, भिंतीला भोक पाडलं आणि रस्त्याकडे तोट्या निघाल्या. पहिल्या सकाळी मी अंधारातच उठून बसले. पण वस्तीबाहेरचं कुणी आलंच नाही. माणसं मोटारसायकल हळू करायची, बघायची आणि पुढं जायची. आई भाकरी थापत होती, तरी दर भाकरीला उठून दारात येत होती.

ऊन चढल्यावर मेंढरं घेऊन एक धनगर नवरा-बायको आले. बाईनं विचारलं, "माय, हे पाणी कुणाचं हाय?"

"देवाचं," आई म्हणाली.

"मेंढरं पाजली तर चालंल का?"

"पाजा की. इचारता कावून?"

पण पाजायची कशात? काका धावत घरी गेले आणि म्हशीचं लोखंडी टोपलं रिकामं करून घेऊन आले. मी घमेली आणली, शेजारणीनं परात आणली. मेंढरांनी एकच गलका केला. कोकरं आमच्या पायांतून घुसत होती, एकानं तर माझ्या ओढणीचं टोक चघळायला घेतलं. त्या गोंधळाला गावातली माणसं जमली, आणि त्यांच्यातून गावच्या मोठ्या घरातली एक म्हातारी कळशी घेऊन पुढं आली. तोटीपासून चार हात अलीकडे ती थबकली. तिनं काकांकडं बघितलं आणि कळशी पुढं केली.

काका बाजूला सरले.

"तुमीच भरा, काकू," ते म्हणाले. "ज्याला लागंल त्यानं भरायचं."

तिनं कळशी भरली. ती डोक्यावर घेताना तिचा तोल गेला, तेव्हा काकांनी हात लावला. तिनं तो झटकला नाही. तिच्या मागोमाग हंडे आले, कॅन आले, बैलगाडीतून एक पिंप आलं. काका मोटरपाशी बसून "सावकाश, सावकाश" म्हणत होते, आणि सगळ्यांत जास्त घाई त्यांनाच झाली होती.

रविवारी उपासनेत भांड्यांचा इतका खणखणाट होता, की पाळकांचा संदेश मागच्या बाकापर्यंत पोचेना. ते थांबले, हसले आणि आवाज चढवून पुन्हा बोलू लागले. उपासना सुटल्यावर बाहेर येऊन बघतो, तर गावातली चार-पाच माणसं तोट्यांखाली वाळू-सिमेंट कालवत होती. तिथं चिखल होतो, बायका घसरतात, म्हणून ओटा बांधायला आली होती. आईनं चुलीवर चहाचं मोठं पातेलं चढवलं आणि मला साखर आणायला पिटाळलं.