नवं कारपेट आणि बारा जोड चपला

आमच्या मोटरबोटीतल्या कारपेटला बोकडाचा वास यायचा. बोटीत बोकड कधीच बसला नव्हता! भंडारदरा धरणाचं पाणी पिऊन पिऊन ते तसं झालं होतं, आणि मधोमध तर झिजून नुसते दोरे उरले होते.

त्यातच संगमनेरच्या एका शाळेचा फोन आला. अख्ख्या शाळेची सहल आणायची होती. पण आधी मुख्याध्यापिका अकरा शिक्षिकांना घेऊन बोट बघून जाणार होत्या. सहल मिळाली तर पप्पांचा हंगाम निघणार होता. त्यांनी जुनं कारपेट उपटून फेकलं आणि नवं आणलं. पांढरंशुभ्र!

"बोटीत पांढरं?" बोट चालवणारे काका किंचाळले. "दादा, ही काय लग्नाची स्टेज हाय का?"

"चपला घालून कोनी चढायचं न्हाई. झालं!" पप्पांनी निकाल दिला.

चिकटवायचं काम माझ्याकडे आलं (मी इंग्लिश मीडियमची, म्हणजे डब्यावरच्या सूचना मला कळणारच!). कारपेट छान चिकटलं. माझी ओढणीही चिकटली. ती कापून मला सोडवावं लागलं.

रविवारी शिक्षिका आल्या. पप्पांनी हात जोडले. "मॅडम, चपला हितंच काढा." बाराजणींनी काढल्या. मला तेव्हाच प्रश्न पडला, की पलीकडच्या काठावर उतरून तिथल्या देवळापर्यंत चालायचंय, मग...? पण सगळेच बोलत होते. मध्येच कसं बोलणार? मी चपला जोडीजोडीने लावत बसले. बोट गेली.

थोड्याच वेळात काका एकटेच परत आले.

"चपला दे, चपला! तिकडं नुसते काटे हायेत. बाया एका पायावर उभ्या हायेत!"

मी सगळ्या चपला खताच्या गोणीत भरल्या आणि गोणी बोटीत ठेवली.

"कारपेट हाय ते!" पप्पा ओरडले.

"मग न्यायच्या कशा?" काका वैतागले.

पप्पांनी विचार केला (तिथेच चुकलं!) आणि गोणी बोटीला बाहेरून बांधली. आम्ही दोघंही काकांबरोबर चढलो. बोट पळाली, गोणी बुडाली. मी ती वर धरायला वाकले, तर पप्पांनी मला धरलं.

पलीकडे ठिबकणाऱ्या चपलांचा ढीग पडला. नऊ जोड काळे, एकसारखे!

"ही माझी."

"अहो, तुमची कशी? माझा अंगठा उमटलाय तिच्यात!"

एका बाईंना दोन्ही डाव्याच मिळाल्या. तशाच ओल्या चपलांनी सगळ्या लाल मातीतून देवळात जाऊन आल्या. परतताना पप्पा पुन्हा आडवे. "चपला काढा!" बाराजणींनी निमूट काढल्या, आणि चिखलाने माखलेली चोवीस पावलं पांढऱ्या कारपेटवर उमटली.

पप्पांचा चेहरा बघवेना. मुख्याध्यापिका माझ्याकडे वळल्या.

"चपला लागतील हे कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

"माझ्या आलं होतं, मॅडम. सकाळीच."

"मग बोलली का नाहीस?"

"सगळे बोलत होते... मला संकोच वाटला."

एक बाई फिस्सकन हसल्या आणि बोट हलेपर्यंत सगळ्या हसल्या. मुख्याध्यापिकांनी तिथेच सहल पक्की केली. अट एकच: निघताना मुलांना सूचना मी द्यायच्या, माइकवरून!

आठवडा झाला, मी आरशासमोर "चपला पायातच राहू द्या" म्हणायचा सराव करतेय. काल पहिल्यांदा आवाज फुटला. आरशाला ऐकू गेला की नाही, सांगता येत नाही.