राहिलेली बाही

विश्रांतवाडीच्या मेहजबीनआपा शिवणकाम करतात. आठवड्यातून दोनदा त्यांना चार तास डायलिसिसच्या मशीनला जोडून पडावं लागतं. पण आपा डोळे मिटून मनातल्या मनात कापड बेतत राहतात आणि चार तास कधी सरले, ते त्यांना कळतही नाही.

शेजारच्या खाटेवरच्या निवृत्त शिक्षिका वासंतीबाई मात्र सारख्या भिंतीकडे बघायच्या. "घड्याळ सरकारी नोकरीत दिसतंय. हलत म्हणून नाही."

एकदा आपा म्हणाल्या, "बाई, पाऊण मीटर कापडात कोपरापर्यंत बाह्यांचा ब्लाउज बसवायचाय. कसा बेतू?"

"मला काय विचारता? मला साधं बटण लावता येत नाही!" वासंतीबाई फणकारल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

सुया काढायला नर्स आली, तेव्हा वासंतीबाई डोळे न उघडताच म्हणाल्या, "थांबा हो जरा. एक बाही बसायची राहिलीय."