दृष्ट काढली म्हणून तक्रार

शहापूर-मुरबाडच्या मंडळींनो, थायलंडच्या शाळेत इंग्रजी शिकवायला येऊन मला जेमतेम महिना झालाय. आज माझी पहिली तक्रार झाली.

वर्गातली एक लाजरी मुलगी आज पहिल्यांदाच उभी राहून इंग्रजीत बोलली. मला राहवलं नाही. तिच्या तोंडावरून हात फिरवले आणि माझ्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. आपल्याकडे शेजारची काकूसुद्धा अशी दृष्ट काढते.

ती घाबरून रडायलाच लागली.

दुपारी तिची आई आली. तिला वाटलं, मी पोरीवर काही मंत्र टाकला. प्रेमाने केलं, एवढंच मला सांगता आलं. मुख्याध्यापिका शांतपणे म्हणाल्या, "यापुढे मुलांना हात लावायचा नाही."

त्यानंतर मुरबाडला आईला फोन केला. ती म्हणाली, "तिच्या आईला फोन दे गो, मी सांगते समजावून." मला हसूसुद्धा आलं नाही.

शाळा सुटताना ती मुलगी दारात दिसली. मी लांबूनच हसले. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

परदेशात शिकवणाऱ्यांनो, वर्गात तुम्ही तुमचे हात कुठे ठेवता?